चिठ्ठी शिवाजीची, रक्त भावनाचं

भोकरदन,
९ मे २०२५

बुद्धभूषण,

जयभीम. ‘सप्रेम’ मुद्दाम गाळलं आहे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, तुझ्या बायकोनंही केला, आणि लॅबच्या फोनवरच्या मुलीला “सर मीटिंगमध्ये आहेत” यापलीकडे एक वाक्य येत नाही. म्हणून हे स्पीड पोस्टनं. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आजही आपल्या भांडणासाठी लिहीत नाही. आपली बहीण संभाजीनगरच्या दवाखान्यात आयसीयूत आहे आणि तिच्या उशाशी तुझ्या लॅबचा रिपोर्ट पडला आहे. त्या रिपोर्टविषयी लिहिते आहे.

चौदा एप्रिलला राजूरच्या विहारात शिबिर झालं. जयंतीला डीजे नको, हृदयाची तपासणी करा, म्हणून मी कमिटीशी महिनाभर भांडले होते. शेवटी दोन्ही ठरलं. कोपऱ्यावर डीजे आणि विहारात शिबिर. तुझ्या लॅबला काम देण्याचा निर्णय कमिटीचा. मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते ते तुला ठाऊक आहे. अठ्ठावन्न जणांचं रक्त तुझ्या माणसानं नेलं आणि तीन दिवसांत रिपोर्ट मोबाइलवर आले. भावनाच्या रिपोर्टवर एकच लाल बाण होता. हिमोग्लोबिन बारा पॉइंट चार, कमी. बाकी सगळं काळ्या अक्षरात, म्हणजे ठीक.

तिला तेव्हा दम लागत होता. अंगणवाडीत खिचडीचं पातेलं उचललं की दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखायचं, जबडा जड व्हायचा. गावातल्या डॉक्टरनं रिपोर्ट पाहिला आणि म्हणाला, “रक्त कमी आहे बाई, म्हणून दम लागतो. लोहाच्या गोळ्या घ्या.” तिनं पंधरा दिवस इमानदारीनं गोळ्या खाल्ल्या. दोन मेला ती अंगणवाडीच्या दारात घामाघूम होऊन बसली ती उठलीच नाही. शिवाजीरावांनी तिला जीपमध्ये घालून आधी जालन्याला नेलं, तिथून संभाजीनगरला.

तिथल्या डॉक्टर आकांक्षा म्हणून तरुण बाई आहेत. त्यांनी जुने कागद मागितले. शिवाजीरावांनी मोबाइल पुढे केला. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, “हा कोणाचा रिपोर्ट आहे? यावर शिवाजी लिहिलंय. वय पंचावन्न, पुरुष.”

भावनाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो बाजूला करून ती म्हणाली, “माझाच हाय. नाव त्यांचं हाय, रक्त माझं हाय.”

डॉक्टर आकांक्षा खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी मला कागदावर आकडे काढून दाखवले. मी ते तुला सांगते आहे, कारण तू ते शिकलास आणि विसरलास असं दिसतं.

हृदयाच्या स्नायूला ताण पडला की ट्रोपोनिन नावाचं द्रव्य रक्तात झिरपतं. बाईचं हृदय आकारानं लहान, स्नायू कमी, म्हणून तिच्या रक्तात ते मुळातच कमी असतं. तुझं मशीन ज्या किटवर चालतं त्यावर पुरुषाची हद्द चौतीस आणि बाईची सोळा. भावनाचा आकडा सत्तावीस. पुरुष म्हणून ठीक, बाई म्हणून धोक्याचा. चांगलं कोलेस्टेरॉल चव्वेचाळीस. पुरुषाला चाळीस पुरतं, बाईला पन्नास लागतं. आणि ज्या हिमोग्लोबिनवर तू लाल बाण मारलास ते बाईसाठी बिलकुल बराबर होतं. बाईला बारा पुरतं, तेरा पुरुषाला लागतं. म्हणजे जे ठीक होतं त्याच्यावर बाण, आणि जे बिघडलं होतं त्याच्यावर काही नाही. एका ‘पु’ या अक्षरानं एवढं केलं.

सत्तावीस म्हणजे लगेच झटका असं नसतं, हेही त्या म्हणाल्या. पण दुसऱ्याच दिवशी बोलावून ईसीजीची पट्टी काढायला हवी होती, रक्त पुन्हा तपासायला हवं होतं. पंधरा दिवस हातात होते. ते लोहाच्या गोळ्यांत गेले.

शिबिरात एकेचाळीस बाया होत्या. सगळ्यांचे रिपोर्ट नवऱ्यांच्या नावावर निघाले आहेत. चाळीस अजून घरी आहेत आणि आपलं सगळं ठीक आहे असं समजून रानात कामाला जात आहेत. त्यांचे रिपोर्ट दुरुस्त करून दे. टेबलावर गर्दी होती, घाई झाली, हे मान्य. पण मशीन तुझं, सही तुझी.

बेबीनंदा


भोकरदन,
१५ मे २०२५

बुद्धभूषण,

तुझं उत्तर मिळालं. लेटरहेडवर दोन ओळी. “नमुन्यांसोबत आलेल्या फॉर्ममधील माहितीनुसार अहवाल देण्यात आले आहेत. दुरुस्तीसाठी नोंदणी करणाऱ्या व्यक्तीच्या सहीची यादी पाठवावी.” खाली सही. ‘भावना कशी आहे’ एवढे तीन शब्द त्या महागड्या कागदावर मावले नाहीत.

तुझ्या त्या ओळींवर मी तासभर बोलू शकते आणि तुला माहीत आहे, मी बोलते. पण एकच विचारते. अठ्ठावन्न नळ्या तुझ्याकडे आल्या. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पुरुष. त्यातल्या चाळीसेक जणांचं हिमोग्लोबिन कमी. तुला शंका आली नाही? राजूरचे पुरुष एका सकाळी सगळे मिळून अशक्त झाले? वाळू उपसणारे, कापसाच्या गाठी पाठीवर घेणारे? आपल्या बहिणीच्या घरचा पत्ता त्या यादीत होता. शिवाजीरावांचं हिमोग्लोबिन बारा पॉइंट चार पाहून तुला वाटलं नाही का, की हा बैलासारखा माणूस, याला फोन करून विचारावं? तू नाव वाचलंसच नसशील. मशीननं छापलं, तू सही ठोकलीस.

हे कसं झालं ते सांगते, म्हणजे तुझा ‘फॉर्म’ तुला कळेल. कमिटीनं घरटी एक चिठ्ठी वाटली होती, सगळ्या गावात, कोणत्याही समाजाच्या घरी. चिठ्ठी घराच्या यादीवरून काढली आणि घराची यादी बाप्यांच्या नावानं असते. नाव, वय, पुढे ‘पु’. जयंतीच्या दिवशी बापे गेले मिरवणुकीत. चिठ्ठी वाया जाऊ नये म्हणून बायकोला पाठवलं. बाया नवऱ्याची चिठ्ठी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि टेबलावर चिठ्ठीवरचं नाव फॉर्मवर उतरलं. त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. या गावात बाईचं रक्त नवऱ्याच्या नावावर जाणं ही चूक वाटतच नाही, हीच तर चूक आहे. हजारो वर्षं बाईची कमाई, बाईचं शेत, बाईचं लेकरू दुसऱ्याच्या नावावर चढवलं गेलं. आता तिचं हृदयसुद्धा...

असो. हे भाषण झालं.

तुला ऐकायचं असेल तर ऐक. काल मी राजूरला कडूबाकडे गेले. विहाराच्या मागे ज्याचं दुकान आहे तो. त्याची बायको गोजरबाई शिबिराला आली होती. मी विचारलं, “गोजरबाईंचा रिपोर्ट कुठे आहे?”

“तिचा कशाचा आलाय? माझा आल्ता,” तो म्हणाला, आणि त्यानं मोबाइल काढून दाखवला. “चांगला हाय ताई. हार्ट एकदम टकाटक. फक्त रक्त कमी दाखवलं, म्हणून अंडे खाऊन राह्यलो.”

“कडूबा, तुम्ही त्या दिवशी विहारात आला होता का?”

“न्हाई. मी मिरवणुकीत व्हतो.”

“मग रक्त कोणी दिलं?”

त्यानं मोबाइल पुन्हा माझ्यापुढे धरला. “पण नाव तं माझं हाय ना,” तो म्हणाला.

महिनाभर हा माणूस बायकोच्या रक्तावर अंडी खातो आहे आणि गावभर आपलं हृदय दाखवत फिरतो आहे. गोजरबाई शहागडला लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. तिच्याजवळ फोन नाही.

तू म्हणतोस नोंदणी करणाऱ्याची सही पाठवा. टेबलावर चार-पाच जण होते. आता कोणी काय लिहिलं याची चौकशी करत बसायची ही वेळ आहे का? चाळीस बाया आहेत, बुद्धभूषण. त्यांना बोलाव. सहीचं नंतर बघू.

बेबीनंदा

ता. क. भावनाची एक नस बंद होती, ती उघडून स्टेंट टाकला आहे. हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्के. पातेलं उचलायचं नाही, जिना चढायचा नाही. तिनं तुझी विचारपूस केली. मी उत्तर दिलं नाही.


भोकरदन,
२१ मे २०२५

बुद्धभूषण,

परवा तू दवाखान्यात आलास. मी डबा आणायला खाली गेले होते तेवढ्या वीस मिनिटांत आलास आणि गेलास. दोन शहाळी ठेवून गेलास. माझी वेळ कोणालातरी विचारून आलास हे उघड आहे. त्याचा मला राग आला आणि तो राग घेऊनच मी भावनापुढे बसले.

मी म्हणाले, “काय म्हणाला? त्याची सही, त्याचं मशीन, आणि मला म्हणतो टेबलावर कोण होतं ते लिहून द्या.”

भावना छताकडे पाहत होती. तिचा आवाज आता फार लहान झाला आहे, जवळ वाकावं लागतं.

“ताई,” ती म्हणाली, “टेबलावर तूच व्हती ना.”

मी म्हणाले, “आम्ही पाच जण होतो.”

“चार जण नळ्यांकडं व्हते. फॉर्म तू लिव्हत व्हती. तुझ्या त्या निळ्या पेनानं. मी म्हणलं, ‘ताई, माझं नाव टाक.’ तू वर पाहिलंच न्हाई. म्हणली, ‘चिठ्ठीवर हाय तेच लिहायचं, पुढं चला.’”

“तू हे आधी का नाही सांगितलंस?”

“तुला म्हाईत न्हाई असं मला वाटलंच न्हाई,” ती म्हणाली. आणि पुढे, “भूषणनं बी न्हाई सांगितलं. त्याला म्हणलं, तर म्हणला, ‘ताईलाच आठवू दे.’”

मी बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मला आठवलं असं मी म्हणणार नाही, कारण मी विसरलेच नव्हते. नऊ तारखेला तुला ‘टेबलावर गर्दी होती’ लिहिताना मला माझा हात दिसत होता. पंधरा तारखेला ‘चार-पाच जण’ लिहिताना दिसत होता. माणूस स्वतःशी खोटं कसं बोलतो याच्यावर मी कितीदा व्याख्यान दिलं आहे.

सगळं सांगते. ऊन बेचाळीस होतं. रांग विहाराच्या पायऱ्यांखाली गेली होती. कोपऱ्यावरचा डीजे इतका, की एकेकीला नाव तीनदा विचारावं लागत होतं. मला अकरापर्यंत संपवायचं होतं, कारण साडेबाराला भोकरदनला माझं भाषण होतं. विषय होता ‘संविधान आणि स्त्रीची ओळख’. तुझा माणूस, तो संपत, नळ्या लावत होता. त्यानं विचारलंसुद्धा, “मॅडम, या तर बाई आहेत, स्त्री टाकू का?” मी म्हणाले, “कागद जुळले पाहिजेत. चिठ्ठीवर आहे तेच.” त्याला वाटलं, हेडमास्तरीणबाई सांगतात म्हणजे बरोबर असेल. नंतर प्रत्येक फॉर्मवर मी स्वतः ‘पु’ लिहिलं. भावनाच्या फॉर्मवर लिहिलं. माझ्या बहिणीचा हात माझ्यापुढे टेबलावर होता, बाही वर केलेली, आणि मी लिहिलं पुरुष.

साडेबाराला मी भाषण केलं. फार टाळ्या पडल्या.

आणि तू. फॉर्म पहिल्या दिवसापासून तुझ्याकडे आहेत. माझं अक्षर तू ओळखत नाहीस असं होऊ शकत नाही. तुझा हात धरून पाटीवर अ मीच गिरवला होता. माझे ते दोन कागद, तुझ्यावर आग पाखडणारे, तू वाचलेस आणि त्याच फॉर्मवर ते ठेवून पाहिले असशील. तरी तू लेटरहेडवर ‘नोंदणी करणारी व्यक्ती’ एवढंच लिहिलंस. मला वाटलं, टाळतो आहे. तू मला वाट देत होतास. मला याचाही राग येतो आहे, पण आता तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

सहा वर्षांपूर्वी जालन्याच्या त्या सभेत मी माईकवरून काय बोलले ते आपण दोघांनीही विसरलेलं नाही. बापानं ठेवलेल्या नावातला बुद्ध काढून नुसतं भूषण लॅबच्या पाटीवर लावणारा माझा भाऊ, असं मी म्हणाले. तू तिसऱ्या रांगेत बसला होतास, बायकोसोबत. तू उठून गेलास तेव्हा लोकांनी वळून पाहिलं. मला ते बरं वाटलं होतं. पाटीबद्दलचं माझं मत आजही तेच आहे, खोटं कशाला सांगू. पण तू एक नाव अर्धं केलंस, तेही स्वतःचं. मी एका सकाळी एकेचाळीस पुरती पुसली, दुसऱ्यांची, आणि त्यांतली एक आता जिना चढू शकत नाही.

तू मागितलेली यादी सोबत आहे. दोन दिवस राजूरमध्ये दारोदार फिरून केली आहे. एकेचाळीस बाया, स्वतःचं नाव, स्वतःचं वय, स्त्री. उरलेले सतरा खरे पुरुष वेगळ्या कागदावर. खाली नोंदणी करणाऱ्या व्यक्तीची सही आहे.

नाव पहिल्या ओळीत भावनाचं आहे.

बेबीनंदा


शहागड,
२९ मे २०२५

भूषण,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. का ते खाली येईल.

दुरुस्त रिपोर्ट मंगळवारी मिळाले. रक्त तेच, आकडे तेच, फक्त ‘पु’च्या जागी ‘स्त्री’ आलं, आणि हिमोग्लोबिनपुढचे पुष्कळसे बाण गळून सात नावांच्या ट्रोपोनिनपुढे उगवले. भावना धरली तर आठ. मी ते घेऊन राजूरला गेले. बुधवारी विहारात सगळ्या बायांना बोलावलं होतं. कमिटीनं माईक लावला. मी माईक बंद करायला सांगितला.

काय बोलले ते लिहीत नाही, मोठं नव्हतं. फॉर्म मी भरले, चूक माझी, लॅबच्या डॉक्टरांची नंतर, असं सांगितलं. ‘नंतर’ म्हणाले, कारण त्या चाळीसेक अशक्त ‘पुरुषां’चा प्रश्न मी अजून सोडलेला नाही. तो तुझ्याकडे आहे. कोणी ओरडलं नाही. मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, “आम्ही बी तं चिठ्ठी दिली, आमी कुठं नाव सांगितलं?” मला ते ऐकून जास्त जड गेलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सातपैकी सहा जणींना त्याच दुपारी जीप करून भोकरदनला पट्टी काढायला नेलं. चौघींना पुढे पाठवलं आहे. दोघींना सध्या गोळ्या. एकीचा नवरा तयार नव्हता. म्हणाला, “मागच्या टायमाला चांगलं म्हणले, आता खराब म्हणून राह्यले. तिसऱ्या टायमाला मंग काय म्हणतान?” मी त्याच्याशी वाद घातला नाही. वाद घालायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. शेवटी त्याची बायको चपला घालून जीपमध्ये जाऊन बसली.

सातवी गोजरबाई. हिचा आकडा सगळ्यांत मोठा, एकतीस. पुरुषाच्या हद्दीला तीन कमी. कडूबाला फोन केला तर म्हणाला, “लेकीकडं हाय. लेकीचा नंबर बदलला. म्हयन्यानं येईल, तवा बघू.” मी आज सकाळी बस धरली. जालन्याला बदलावी लागली. तुझ्या लॅबवरून रिक्षा गेली, मी उतरले नाही.

शहागडला गोदावरीच्या बाजूला एका गल्लीत लेकीचं घर सापडलं. गोजरबाई दारात बाळाचं दुपटं धूत होती. मला पाहून उठली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. मी विचारलं, “दम लागतो का?”

“उन्हाचं व्हतं जराक.”

“आणि मान?”

“ते तुमाला कुनी सांगितलं?” ती म्हणाली. मग आवाज खाली घेऊन, “मान आवळल्यावानी व्हती, हा हात जड पडतो. लेकीला सांगितलं न्हाई. ती बाळंतीण हाय.”

मी तिला रिपोर्ट दाखवला. तिला वाचता येत नाही. वरच्या ओळीवर बोट ठेवून मी म्हणाले, “इथं तुमचं नाव आहे.” तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, नाव कसं दिसतं ते पाहिलं, आणि विचारलं, “मंग त्यांचा कुठं गेला?”

“त्यांचा नव्हताच कधी.”

ती हसली. “आन मी त्यांला रोज दोन अंडे उकडून देत व्हते,” ती म्हणाली.

लेक आधी तयार होईना. बाळ पंधरा दिवसांचं, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मी म्हणाले, मी थांबते. दुपारभर मी बाळ घेतलं आणि गोजरबाई निजली. संध्याकाळी जावई आला, त्याला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझा भाग धरून. तो म्हणाला, “न्या. इथं आम्ही बघतो.”

तर उद्या सकाळच्या सातच्या गाडीनं मी तिला घेऊन जालन्याला निघते आहे. आधी तुझ्याकडे. रक्त पुन्हा घे, लगेच बघ, आणि पुढे कोणाकडे पाठवायचं ते तूच सांग. ब्लॉक काढलास की नाही मला माहीत नाही, म्हणून फोन करत बसत नाही. हे पत्र तुझ्या त्या मीटिंगवाल्या मुलीच्या हातात देईन आणि बाहेरच्या बाकावर बसेन. पाटीखालून आत येईन. तिथं काही बोलणार नाही.

नवा फॉर्म मी इथंच भरला आहे, तिला समोर बसवून, एकेक गोष्ट विचारून. नाव गोजरबाई, वय चौपन्न, स्त्री. तरी तू एकदा तपासून घे.

ताई